बारावी खिडकी

४ मार्च

चि. भिंगरी,

आधी तक्रार, मायना नंतर.

गेल्या दहा वर्षांत तुझ्याकडून मला आलेला मजकूर एकूण अडीच ओळींचा आहे, आणि तोही छापील. 'आमचा पत्ता बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी.' हे कार्ड तू वीज कंपनीपासून वाचनालयापर्यंत सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात टाकलं असणार, आणि त्या गठ्ठ्यात सख्खा भाऊ वर्णानुक्रमे मध्येच कुठेतरी बसला असणार. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते घरक्रमांकाबद्दल. आपला क्रमांक सतरा. तू लिहिलास एकाहत्तर. ज्या घरात तू एक्केचाळीस वर्षं काढलीस त्याचा आकडा तू उलटा लिहितेस! एकाहत्तरमध्ये दातांचे डॉक्टर असतात. त्यांनी तुझं कार्ड प्रतीक्षालयातल्या मासिकांखाली आठ महिने जपून ठेवलं. माझी दाढ दुखली नसती तर आपली बहीण पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे, हे मला कळलं नसतं. दाढ गेली, पत्ता मिळाला. सदर प्रकरणी मी तीव्र निषेध नोंदवतो. निषेध संपला.

तुला आशीर्वाद द्यावेत की नुसतं 'कशी आहेस' विचारावं, हे ठरेना. दोन्ही मध्ये ठेवले आहेत, हवं ते उचल.

आता काम. इथलं संग्रहालय अण्णांच्या शेवटच्या चित्रांचं प्रदर्शन भरवतंय. 'खिडक्या', अकराच्या अकरा. तिथे जुनी चित्रं जपणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एक संवर्धक बाई आहेत. एक चष्मा डोक्यावर, दुसरा गळ्यात, आणि वाचायची वेळ आली की त्या तिसरा शोधतात. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, बारावी खिडकी सापडली आहे.

तू राहतेस त्याच देशातल्या एका चित्रविक्रेत्याने ती पाठवली. कुणा म्हातारीच्या पश्चात तिच्या सामानात मिळाली म्हणे. खाली सही नाही. बाईंना दाट संशय आहे की ही नक्कल आहे, पण नक्कल इतकी सरस की बोलता बोलता त्या कौतुकच करायला लागल्या. ठरलंय असं, की ती वेगळ्या भिंतीवर लावायची आणि खाली लिहायचं 'अज्ञात नक्कलकार', म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अस्सल आणि बनावट यातला फरक कळेल.

फरक कळायला मोजपट्टी लागते. ती मोजपट्टी म्हणजे आपला माहितीपट. आपल्या दिग्दर्शकाला मी 'पुनश्च' म्हणायचो, आठवतं ना? कुठलीही गोष्ट एकदा करून त्याचं भागायचं नाही. मी 'सहजपणे' घरी परतलो, असं दाखवायला त्याने मला आपला जिना चार वेळा चढायला लावला होता, आणि चौथ्या वेळी म्हणाला होता की आता धाप नैसर्गिक वाटते. तर त्या चित्रपटात चार मिनिटांचा एक अखंड शॉट आहे, नववी खिडकी रंगवणारे अण्णांचे हात. अण्णा चित्र काढतानाचं जगात एवढंच चित्रीकरण. एरवी ते काम करताना खोलीत कुणाला घेत नसत. रंग कालवायला तू, तेवढा अपवाद. त्या चार मिनिटांवर निवेदन माझं आणि आवाजही माझाच. 'एकाहत्तराव्या वर्षीही या हाताला कंप नाही. वयाने त्याला थकवलं नाही, मार्दव शिकवलं.' हे वाक्य हल्ली कलेच्या पाठ्यपुस्तकांत छापतात. मला विचारत नाहीत, पण छापतात. माझ्या तीस वर्षांच्या संस्कृत शिकवण्यातून एक ओळ उरली नाही आणि ही उरली. चालायचंच.

आपले न्यायशास्त्रवाले नैयायिक म्हणतात, ज्ञानाच्या सगळ्या प्रमाणांत प्रत्यक्ष ज्येष्ठ. डोळ्यांनी पाहिलं, वाद मिटला. बाईसुद्धा नैयायिकच दिसतात. त्या हा शॉट एकेक चौकट थांबवून बघणार, कुंचला कसा फिरतो ते टिपणार आणि बारा चित्रांशी ताडणार.

सोबत एक कागद आहे. दोन्ही वारसांनी लिहून द्यायचं की अकराही खिडक्या अण्णांच्या हातच्या आहेत. वर माझी सही झाली आहे. खाली तुझी जागा आहे, वयाप्रमाणे. तीस तारखेला पुस्तिका छपाईला जाते.

तुझी वहिनी म्हणाली, नुसता कागद धाडू नका, चार शब्द लिहा. ती आणखीही काही म्हणाली, ते महत्त्वाचं नाही. आपलं नक्की काय बिनसलं, हे मला अजून धड माहीत नाही. अण्णा गेले तेव्हा तू आली नाहीस, हे मी धरून बसलो. पण तू तर त्याच्या सात महिने आधीच बॅग भरली होतीस.

सही कर. बाकी सवडीने.

तुझा
दादा


१२ मार्च

भिंगरी,

मागच्या पत्रातल्या कागदावर सही केली नसशील तर थोडी थांब. केली असशील तर टपालात टाकू नकोस.

काल संग्रहालयात गेलो होतो. चित्रं ठेवतात ती खोली तळघरात आहे. बारा खिडक्या मांडून ठेवलेल्या आणि त्या खोलीला एकही खिडकी नाही. मी हा विनोद केला. कुणी हसलं नाही. पुनश्चही आला होता, कॅमेऱ्यासकट. प्रदर्शनावर छोटी फिल्म करतोय. केस सगळे पांढरे झालेत, पण उजेडाबद्दलची कुरकूर तीच.

बाईंनी आधी पडद्यावर तो शॉट लावला आणि एक गोष्ट दाखवली, जी मी आजवर चाळीस वेळा पाहूनही पाहिली नव्हती. खिडकीच्या चौकटीशी जिथे उजेड आणि अंधार भेटतात, तिथे हात कुंचला बाजूला ठेवतो आणि ओल्या रंगावरून करंगळीचं टोक हलकेच ओढतो. कड विरघळते. टीकाकार ज्याला अण्णांची 'उत्तरशैली' म्हणतात आणि ज्यावर मी एक अख्खा निबंध लिहिला, ते मार्दव म्हणजे ही करंगळी.

रंग ओला असताना बोट लावलं की ठसा राहतो. बाईंनी भिंगाचा कॅमेरा लावून अकराही चित्रांतले ठसे काढलेत. एकच करंगळी. मग बारावीतले काढले. तीच.

मी म्हटलं, म्हणजे बारावीही अस्सल. अभिनंदन. वेगळ्या भिंतीचा खर्च वाचला.

बाईंनी तिसरा चष्मा शोधला, बारावी उलटी केली आणि कॅनव्हासच्या मागचा शिक्का दाखवला. कारखाना आणि साल. तो कॅनव्हास विणला गेला तेव्हा अण्णांना जाऊन चार वर्षं झाली होती.

मी साल पुन्हा वाचलं. बोटाने अक्षरं धरून वाचलं, लहान मुलं वाचतात तसं.

बाई अगदी शांतपणे बोलत होत्या, डॉक्टर बोलतात तशा. अकरा चित्रांवरच्या सह्या अण्णांच्याच आहेत, त्याबद्दल शंका नाही. सहीचा हात थरथरतोय, चित्राचा नाही. अण्णांची तरुणपणची चित्रंही त्यांनी तपासलीत. त्यांत बोटाचा ठसा एकही नाही, कड कुठेही विरघळवलेली नाही. मग त्या मला म्हणाल्या, "अकरा चित्रं, बारावं चित्र आणि तुमचा माहितीपट. तिन्हीकडे एकच हात आहे. आणि तो तुमच्या वडिलांचा असू शकत नाही."

मी खुर्ची शोधायला लागलो. खुर्ची माझ्या मागेच होती.

हे सगळं चालू असताना पुनश्चचा कॅमेरा चालू होता, हे मला नंतर कळलं. तो जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, मला वाटलं सांत्वन करतोय. म्हणाला, साल वाचताना तुमच्या तोंडावर सावली पडली, पुन्हा एकदा घेऊ या, तुम्ही फक्त दारातून आत या. आणि भिंगरी, मी गेलो. दारातून आत आलो, कॅनव्हास उलटा केला, साल वाचलं आणि हादरलो. दुसऱ्या वेळी मी अधिक चांगला हादरलो. छप्पन्नाव्या वर्षी माणूस स्वतःबद्दल काय काय नवीन शिकतो, ते असं.

तेवढं झाल्यावर मी त्याला विचारलं, तो शॉट कुणाचा आहे? तो केबल गुंडाळत होता, गुंडाळतच राहिला. म्हणाला, इतक्या वर्षांपूर्वीचं, बघावं लागेल.

मला वाटतं त्याने कुणा नटाचे हात वापरले असावेत. तसं करतात, मी ऐकून आहे. पण मग त्या नटाच्या करंगळीने अकरा चित्रं कशी काढली? आणि अण्णांनी त्यांवर सह्या का केल्या? डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, हे न्यायशास्त्रातलं अनुमान, इथपर्यंत ठीक. डोंगर आपलाच निघाला तर काय करायचं, हे आम्हाला शिकवलं नव्हतं.

पत्र इथे थांबवतो. मला जेवायला बोलावतायत.

दादा


१४ मार्च

भिंगरी,

परवा मला जेवायला कुणी बोलावलं नव्हतं.

आज सकाळी पुनश्चच्या कचेरीत गेलो. दोन खोल्या, आणि भिंतभर कपाटांत जुन्या टेपा. प्रत्येकीवर त्याचं ते मुंग्यांसारखं अक्षर. चित्रपटात जोडलेली चार मिनिटं मला पाठ आहेत. मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं हवं होतं, जे कापून टाकतात ते. त्याने आढेवेढे घेतले, चहा सांगितला, चहा गार झाला, शेवटी टेप लावली आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर पाटी धरतात, तिच्यावर तारीख असते. एकोणीस ऑक्टोबर.

एकोणीस ऑक्टोबर हा तुझ्या वहिनीचा वाढदिवस. त्या वर्षी तो चुकला, आणि चुकलेला वाढदिवस आमच्या घरात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासारखा वेळोवेळी उद्धृत केला जातो, म्हणून मला पक्कं आठवतं मी तेव्हा कुठे होतो. इस्पितळात होतो. सकाळी अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी दिवसभर पलंगाशेजारच्या स्टुलावर होतो. संमतीपत्र मी भरलं, सही मी केली, दुपारी त्यांना चमच्याने सूप मी भरवलं, कारण डोळ्याला पट्टी होती. आणि त्याच दुपारी, पडद्यावर, अण्णांच्या तपकिरी स्वेटरच्या बाह्यांतून दोन हात नववी खिडकी रंगवत होते.

हात रंगाने कोपरापर्यंत माखलेले. उजेड मागून. बोटं लांब, सांधे जाड. तुला अण्णांचे हात आले आणि मला अण्णांचं नाक, ही वाटणी किती अन्यायाची आहे, असं आई म्हणायची.

चार मिनिटं झाली. टेपवर पुनश्चचा आवाज आला की झालं, छान. पण कॅमेरा बंद करायचं राहून गेलं असावं, किंवा त्याने मुद्दाम बंद केला नसावा. कॅमेरा हळूहळू वर आला. आधी स्वेटरची बटणं. मग कॉलर. मग तू.

कपाळावर निळा रंग लागलेला. केस अण्णांच्या जुन्या रुमालाने बांधलेले. तू हसत होतीस, भिंगरी. तसं हसताना मी तुला शेवटचं कधी पाहिलं, ते मला आठवत नाही. तू करंगळी स्वेटरला पुसलीस, कॅमेऱ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "दादाला सांगू नका हं. तो ओळखतो का बघू."

मग टेप संपली.

पुनश्च वळला नाही. मी त्याला म्हटलं, पुन्हा लाव. आयुष्यात पहिल्यांदा हे मी त्याला सांगितलं, त्याने मला नाही.

पाच वेळा पाहिली. पाचव्यांदा मला माहितीपटाचा पहिला खेळ आठवला, संग्रहालयाच्या सभागृहातला. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस. दिवे लागले, टाळ्या झाल्या, लोक अण्णांभोवती गोळा झाले, आणि तू मला विचारलंस, हात कसे वाटले? मी म्हटलं, "अण्णांचेच ते. दुसऱ्या कुणाला जमणार आहे?" तू 'हो ना' म्हणालीस आणि वाकून खुर्चीखाली तुझी पर्स शोधायला लागलीस. बराच वेळ शोधत होतीस. पर्स तुझ्या मांडीवर होती. मी ते पाहिलं, आणि मला वाटलं, आपली बहीण वेंधळी आहे.

महिन्याभराने तू गेलीस.

मागचा कागद फाडून टाक.

दादा


२३ मार्च

भिंगरी,

नऊ दिवस लिहिलं नाही. तीन पत्रं सुरू केली आणि तिन्हींत दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मी विनोद करायला लागलो होतो, म्हणून फाडली. हे चौथं. यातही होतील. जन्माचा रोग आहे.

पुनश्च दोनदा घरी येऊन गेला. पहिल्या वेळी बचाव केला. म्हणाला, माहितीपटात पुनर्रचना चालते, सगळे करतात. तुम्ही नाही का चार वेळा जिना चढलात? मी म्हटलं, हो, पण चारही वेळा पाय माझेच होते. दुसऱ्या वेळी आला तेव्हा खरं बोलला. हात थरथरणारा चित्रकार दाखवला असता तरी फिल्म झाली असती, कदाचित जास्त चांगली झाली असती, असं त्याने अण्णांना सुचवलंही होतं. अण्णांनी कॅमेरा घराबाहेर काढायला सांगितला. मग तूच म्हणालीस, मी बसते. पुनश्चला वाटलं, तू फक्त त्या दिवसापुरती अण्णा झालीस. नववी खिडकी तू नुसती रंगवल्यासारखी करत नव्हतीस, ती खरोखर तुझीच होती आणि आधीच्या आठही तुझ्याच, हे त्याला संध्याकाळी सामान आवरताना कळलं. त्याने अण्णांना इस्पितळात जाऊन विचारलं. मी औषधं आणायला खाली गेलो होतो तेव्हा. अण्णा म्हणाले, "सही माझी, तर चित्र माझं. ती माझीच मुलगी आहे ना?"

मला हे वाक्य पचत नाही. उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. सबंध आयुष्य मी वाक्यांचे अन्वय लावतो, ह्याचा लागत नाही. आपल्याला चुकून दुसऱ्याची रेघ आवडली तरी ती चोरी, असं म्हणणारा माणूस. कुणा विद्यार्थ्याने त्यांच्या शैलीत चित्र काढलं तर ते त्याला वर्गात सगळ्यांसमोर उभं करायचे. आणि घरात, शेजारच्या खोलीत, सहा वर्षं. मी त्यांच्या मार्दवावर निबंध लिहीत होतो तेव्हा ते मार्दव पस्तिशी ओलांडलेलं होतं, त्याला अण्णांचं जेवणखाण आणि औषधांच्या वेळा सांभाळायच्या होत्या आणि मी रविवारी आलो की ते मला विचारायचं, दादा, साखर किती? काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आता कामाचं. बाई मोठ्या चोख आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मे काढले, तिन्ही, आणि डोळे पुसले. नंतर म्हणाल्या की त्या म्हातारीच्या सामानातल्या चित्रामागे एक चिठ्ठी चिकटवलेली होती, 'शेजारणीकडून, तुमच्या खिडकीसाठी.' त्या म्हाताऱ्या शेजारणीला दिलंस ना ते? मला तसंच वाटलं. तू तुझं चित्र तुझ्या हाताने काढलंस, खाली खोटी सही केली नाहीस, प्रेमाने कुणाला देऊन टाकलंस. बारातलं एकच चित्र पूर्ण खरं. आणि नक्कल म्हणून वेगळ्या भिंतीवर लागणार होतं, तेवढं तेच. हे कळल्यापासून मी अधूनमधून चालता चालता थांबतो. परवा रस्त्याच्या मधोमध थांबलो. एका सायकलवाल्याने माझ्या पूर्वजांची चौकशी केली.

बाईंचा अहवाल असा जाईल की बाराही खिडक्या एकाच व्यक्तीच्या आहेत आणि ती व्यक्ती अण्णा नाहीत. व्यक्ती कोण, हे त्यांचं शास्त्र सांगत नाही. ते घरच्यांनी सांगायचं. घरच्यांनी सांगितलं नाही तर बाराही चित्रांखाली 'चित्रकार अज्ञात' येईल. पोलिसात कुणी जाणार नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

मी दोन गोष्टी केल्या. एक, नवा कागद लिहिला. 'अकरा चित्रांवरच्या सह्या आमच्या वडिलांच्या आहेत. बाराही चित्रं माझ्या बहिणीची आहेत.' खाली तुझं नाव, पूर्ण. ते लिहिताना लक्षात आलं की तुझं पूर्ण नाव मी किती वर्षांत लिहिलं नव्हतं. माझी सही केली. दुसरं, पुनश्चच्या कचेरीत जाऊन त्या चार मिनिटांवर नवं निवेदन बोललो. जुनं पुसून टाक म्हटलं. नवं एवढंच आहे, 'हे हात माझ्या बहिणीचे आहेत,' आणि मग चार मिनिटं कुंचल्याचा आवाज. पुनश्चने पहिल्याच वेळी 'झालं' म्हटलं.

कागद आणि टेप दोन्ही बाईंच्या खणात कुलपात आहेत. तुझी सही आल्याशिवाय बाहेर निघणार नाहीत. कागदाची दुसरी प्रत सोबत आहे. लोक काय म्हणतील, हे तुला मी सांगायला नको. काही वर्षं म्हणतील, बापाच्या नावावर चित्रं खपवणारी. अण्णांबद्दल त्याहून वाईट म्हणतील. नंतर कधीतरी म्हणतील, चित्रकार. मी ज्योतिषी नाही. तू नको म्हणालीस तर मला वाईट वाटेल, पण तो तुझा अधिकार आहे.

एवढं लिहून मी पत्र संपवलं होतं. पाकीटही बंद केलं होतं. तुझ्या वहिनीने विचारलं, सगळं लिहिलंत? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "माझंही लिहिलंत?"

नव्हतं लिहिलं. पाकीट फोडलं.

पहिल्या खेळाहून घरी येताना ती गाडीत मला म्हणाली होती, ते हात भिंगरीचे होते ना? मी तिला म्हटलं, तुला चित्रातलं काय कळतं? पुन्हा हा विषय काढायचा नाही. तिने दहा वर्षं काढला नाही. या महिन्यात पहिला कागद भरताना काढला, आणि मी तुला लिहिलं की ते महत्त्वाचं नाही.

आणि इस्पितळातलं सूप. डोळ्याला पट्टी होती म्हणून भरवलं, असं मी लिहिलं. पट्टी डाव्या डोळ्याला होती. उजव्या डोळ्याने माणसाला चमचा दिसतो. चमचा त्यांनी आधी स्वतः घेतला होता. सूप चादरीवर सांडलं, दुसऱ्यांदाही सांडलं, मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि मी चमचा घेतला. त्याआधीची दोन-तीन वर्षं ते रविवारी मी गेलो की हात स्वेटरच्या खिशात ठेवून बसायचे, कप दोन्ही हातांनी धरायचे. तेही मी पाहिलेलं होतं. त्या सुपानंतर सहा आठवड्यांनी पुनश्चने मला शॉट पाठवला, आणि मी टेबलाशी बसून लिहिलं, या हाताला कंप नाही.

म्हणजे तू जी पैज लावली होतीस ती तू हरली नव्हतीस. मी ओळखलं होतं. करंगळीवरून नाही, ते बाईंचं शास्त्र. नुसतं बघून. तू लहानपणी भात कालवायचीस तशी ती बोटं हलत होती. पहिल्या दहा सेकंदांत मला कळलं, आणि उरलेली तीन मिनिटं पन्नास सेकंद मी वाक्य जुळवत होतो. वाक्य चांगलं जुळलं. वडील तसेच राहिले, मी त्यांच्यावरचा जाणकार राहिलो, आणि यात कुणाचं काही जात नाही, अशी मी समजूत करून घेतली. जात होतं तुझं. तू शेजारीच बसली होतीस.

या तीन आठवड्यांत मी तुला धक्का बसल्याचं जे जे लिहिलं ते खोटं नाही. तळघरात मला ती खुर्ची खरोखर लागली. पण धक्का आपली बहीण चित्रकार आहे याचा नव्हता. हे कुणाला तरी सापडलं, याचा होता.

आता एकच राहिलं. वर मी लिहिलंय की तू नको म्हणालीस तर मला वाईट वाटेल. ते वाक्य मी सकाळी लिहिलं, आता दुपार झाली आहे आणि मी ते चार वेळा वाचलं. ते खरं नाही. तुझा नकार आला तर मला सुटल्यासारखं वाटेल. कागद खणात राहील, पाठ्यपुस्तकांत माझं वाक्य राहील, आणि मी म्हणेन, बघा, मी तर तयार होतो. मला या सगळ्यात त्याचीच भीती वाटते. अण्णांची नाही, लोकांची नाही. तुझं उत्तर यायच्या आधीच मी आतून नकाराची वाट बघतोय, याची.

दादा